क्लेम आणि नोलीन, चॅनल अठरा

कूबर पेडी,
रविवार, १४ जुलै २०१९

प्रिय नोलीन मावशी,

मेरिडिथचा नमस्कार. पत्राला फार उशीर झाला, माफ कर. निघताना कबूल केलं होतं की मुक्कामाला पोचलं की आधी तुला चार ओळी आणि मग चहा. प्रत्यक्षात चहा नेमानं होत गेला. पोर्ट ऑगस्टाहून पाठवलेल्या पोस्टकार्डावर मी 'सगळं छान, हवा थंड, केक संपला' एवढंच लिहिलं होतं. त्यातली हवेची बातमी खरी होती.

तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं अंगणातल्या अंगणात तरी होतं का? लिंबाचं झाड या थंडीत तगलं का? आम्ही दोघं तब्येतीनं ठीक आहोत, म्हणजे गॅरेथचा घसा बसलाय आणि मला झोप येत नाही, पण ती काही डॉक्टरकडे जाण्यासारखी दुखणी नाहीत.

हे पत्र कशासाठी आहे ते आधीच सांगून टाकते, नाहीतर मी पानंच्या पानं हवेबद्दल लिहीन. तुझ्या घरातली, अगदी तुझ्या एकटीची गोष्ट मी पिंबाच्या पुढच्या रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना ऐकवली आहे. क्लेम काकांच्या बाबतीत आम्ही त्याहून वाईट वागलोय. आणि त्याचा परिणाम म्हणून एक माणूस तुझ्या घराकडे यायला निघाला आहे. तो पोचायच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडावं एवढ्यासाठी लिहायला बसले. (पडेल. तो माणूस ऐंशीच्या वर गाडी नेत नाही आणि प्रत्येक विसाव्याच्या जागी उतरून टायर तपासतो. पोस्ट खात्याबद्दल मला पहिल्यांदाच एवढा विश्वास वाटतोय.)

आधी लहान नुकसानं सांगते, म्हणजे मोठ्याला हात घालायचा धीर येईल. तू दिलेल्या तुमच्या व्हॅनच्या छताची खिडकी आम्ही एक दिवसभर उघडी विसरलो, त्यामुळे तुझे पांढरे अभ्रे आता विटकरी रंगाचे झालेत. दोनदा धुतले. आता ते धुतलेले विटकरी आहेत. डावीकडच्या कपाटाची कडी निखळली. बाहेरच्या मांडवाच्या कापडाला एक चीर गेली, ती वाऱ्यामुळे गेली असं गॅरेथ म्हणतो, आणि वारा होता हे मला मान्य आहे, पण मांडव न गुंडाळता गाडी पुढे घेतली की कितीही कमी वारा पुरतो. काकांच्या निळ्या मगाचा एक टवका उडालाय. तो मी जपून ठेवलाय, टवका म्हणते मी. चिकटवता येत नाही, पण टाकवतही नाही.

आता मुद्दा. तू एकच गोष्ट सांगितली होतीस. दाराची साखळी न काढता तू मला फटीतून किल्ल्या दिल्यास, आणि मग केकचा डबा फटीतून मावेना म्हणून तुला साखळी काढावी लागली. तेवढा वेळ आपण समोरासमोर उभ्या होतो. गाडीचं काय, गॅसचं काय, पाण्याची टाकी कशी भरायची, यातलं काही तू बोलली नाहीस. "निघायच्या आधी मागची नावं खरवडून टाक," एवढंच म्हणालीस. मी हो म्हणाले. तू साखळी लावलीस.

निघायच्या आदल्या दिवशी गॅरेथ खरवडायची पट्टी घेऊन व्हॅनच्या मागे बसलाही होता. त्याला मी थांबवलं, हे मी त्याच्यावर ढकलणार नाही. 'क्लेम आणि नोलीन, चॅनल १८.' ती अक्षरं काकांनी गुडघे टेकून, जीभ दातात धरून चिकटवली तेव्हा दोरी धरायला मी होते (आणि माझा हात हलला म्हणून तुझं नाव थोडं उतरतं गेलंय, ते काकांनी कधी मला बोलून दाखवलं नाही). ती मी पट्टीनं कशी उकरू? गॅरेथ म्हणाला, "मग राहू दे. दोन दिवसांत लाल धूळ बसेल, कुणाला वाचता येणार आहे?" मला ते फार पटलं. सोयीचं असलं की मला पटकन पटतं, हे माझ्याबद्दल मला उशिरा कळलंय. त्या दिवशी डायरीत मी लिहिलंय, 'काकांच्या आठवणीचा मान राखला.' काल ते पान उघडलं आणि लाज वाटली. मान कसला, तुला दिलेला शब्द मोडला आणि वर स्वतःची पाठ थोपटली.

मागून येणाऱ्यानं नाव वाचून गाडीतल्या रेडिओच्या त्या चॅनलवर हाक मारावी म्हणूनच ती नावं असतात. हे मला माहीत होतं. कुणीतरी खरंच हाक मारेल, हे मात्र डोक्यात आलं नाही. शिवाय पोर्ट ऑगस्टाला पाऊस पडला आणि व्हॅन धुऊन अशी लखलखीत निघाली की नावं रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकावरून वाचता यावीत.

तिथून निघून फार वेळ झाला नव्हता. एका विसाव्याच्या जागी एक म्हातारे गृहस्थ चहा पीत बसलेले दिसले, आम्ही पुढे गेलो, आणि रेडिओ खरखरला. "अरे क्लेम! म्हाताऱ्या, अजून जिवंत आहेस होय रे?"

आता तूच सांग मावशी. या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं. ते विचार करून द्यायचं नसतं. शिंक आली की रुमाल जातो तसा गॅरेथचा हात माईककडे गेला आणि तो म्हणाला, "कसाबसा!"

पलीकडून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. गाडीत आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"सांग त्यांना," मी म्हणाले.

"काय सांगू?"

"काका गेले म्हणून."

"आत्ता? आत्ताच तर कसाबसा जिवंत आहे म्हणालो!"

तेवढ्यात त्या गृहस्थांनी विचारलं, "टायरमध्ये हवा किती ठेवतोस हल्ली?" आणि गॅरेथनं आकडा सांगितला. त्या आकड्याबरोबर सगळं हातातून गेलं. एखाद्याला त्याचा मित्र गेल्याचं सांगता येतं, पण टायरच्या हवेचा आकडा सांगून झाल्यावर मागे फिरून ते सांगायचं कसं, हे मला कुठल्याही शिक्षणात कुणी शिकवलं नाही.

ते व्हर्न होकिंग होते. तुला आठवतीलच, व्हायल्लाचे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. टायरसुद्धा वाकून, डोळा बारीक करून, आत काही किडलंय का बघतात तसे बघतात. गेलं दीड वर्ष ते पश्चिम किनाऱ्यावर कुठेतरी होते, तिथे ना फोन ना कुणाचं पत्र. काका गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. (कळवणार कोण? तू कुणालाच कळवलं नाहीस. हे दोष देऊन म्हणत नाही. आता मला कळतंय की नावं खरवडायला का सांगितलंस.)

त्यांची गाडी सावकाश, आमची थोडी पुढे, त्यामुळे गाठ पडत नव्हती, फक्त आवाज पोचत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा "क्लेम! उठलास का रे आळश्या?" आणि काय सांगू, गॅरेथ आधीपासूनच माईककडे बघत होता. सर्दीनं त्याचा आवाज घोगरा झालेला, तो काकांच्या आवाजाच्या बराच जवळ गेला होता. पण आवाजाचं सोड. माझ्या नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सकाळी सकाळी मत विचारत होतं. हवेबद्दल, डिझेलबद्दल, पुढच्या सरकारबद्दल. दुपारपर्यंत तो स्वतःच्या गुडघ्याच्या दुखण्याची हकिगत सांगायला लागला, आणि व्हर्ननी त्याला शेकायचा उपाय सांगितला. मी ऐकत बसले होते. मी दर थोड्या वेळानं "हे बरोबर नाही गॅरेथ" म्हणत होते, असं डायरीत लिहिलंय. म्हणत होते, पण हळू.

मग व्हर्ननी विचारलं, "आणि आमची नोलीन कुठाय? तिला बोलव की जरा."

गॅरेथनं माईक माझ्यापुढे धरला. मी नको नको म्हणून मान हलवत होते आणि हलवता हलवताच बोलले. तुझ्या आवाजात बोलले, मावशी. "तुमचं टायरपुराण पुरे झालं व्हर्न, सकाळपासून पोटात काही घातलंत का?"

मग ते असे हसले, असे हसले, की रेडिओ फाटतो की काय वाटलं. "हां! आता कुठे रस्त्याला लागल्यासारखं वाटलं!"

हे लिहिताना माझे कान गरम झालेत. पण खरं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगते. मला ते आवडलं. मी आणखी दोनदा बोलले, कुणी सांगितलेलं नसताना. त्यांना मोजे वाळत घालायची आठवण केली, आणि त्यांनी "बरं बाई" म्हटलं. मला वाटतं मी व्हर्नना फसवत नव्हते, म्हणजे फसवत होतेच, पण मुख्य म्हणजे मी ऐकत होते. ती नोलीन बोलत होती. तिला मी काका गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी व्हर्न म्हणाले, "क्लेम, तुझी घडीची खुर्ची माझ्याकडेच आहे. स्ट्रीकी बेच्या मुक्कामात विसरून गेलास ती. दीड वर्ष वागवतोय. उद्या पिंबाच्या पुढच्या रोडहाऊसवर थांब, डिझेल आणि चहा तिथेच मिळतो, खुर्ची देऊन टाकतो, आणि तुमची दोघांची तोंडं तरी बघतो." गॅरेथ म्हणाला, "हो." त्याला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं, कारण काका खुर्चीला नाही म्हणाले नसते.

आता केकच्या डब्याकडे येते. तुझा केक संपला असं मी कार्डावर लिहिलं होतं, तो संपला नव्हता. सुरूच झाला नव्हता. आम्ही तो डबा व्हॅनचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली अडकवायला वापरत होतो. एकदा उतारावर चाकालाही लावला. (लपवण्यात अर्थ नाही. हे मी हवेतून जाहीर केलेलं आहे.) दुसऱ्या दिवशी सकाळी घाईघाईत तो डबा मी पुढे आणला आणि दोन सीटच्या मध्ये ठेवला. माईक त्याच्या गुंडाळलेल्या वायरनं तिथेच खाली लोंबत होता. डबा बसला तो नेमका माईकच्या बटणावर. तुला रेडिओचं काय सांगायचं. बटण दाबलेलं असलं की आपला आवाज आसपासच्या सगळ्या गाड्यांत जातो आणि बाहेरचा कुणाचाही आत येत नाही. तुझा केक चांगला वजनदार आहे मावशी. तो बसला की बसला.

आणि नेमकं तेव्हा आम्ही भांडायला लागलो.

पिंबा सोडल्यापासून ते रोडहाऊसपर्यंत, सबंध रस्ता. व्हर्नना तोंड कसं दाखवायचं हा विषय होता. गॅरेथचा पहिला बेत असा की रोडहाऊसवर थांबायचंच नाही. पण डिझेल संपत आलं होतं. दुसरा बेत ऐकून मी थक्क झाले. "क्लेम काका आज सकाळी गेले असं सांगू या."

"आज सकाळी? आणि मग काका कुठायत? व्हॅनमध्ये?"

"तसं नाही. म्हणजे... त्यांना पुरून आलो."

"आणि तू कोण?"

"मी आपला वाटेत भेटलेला."

"म्हणजे नवरा सकाळी गेला आणि दुपारी मावशी वाटेत भेटलेल्या माणसाबरोबर केक खात निघाली?"

"केक खात नाही," गॅरेथ म्हणाला. "तो केक कुणाला खाता येत नाही." तिथून केकचा विषय निघाला आणि तो बराच चालला. मी काय काय बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही. मी तो दार अडवायला वापरला हे सांगितलं, चाकाचं सांगितलं, आणि एका ठिकाणी मी 'वीट' हा शब्द वापरला.

बाहेर काय चाललंय ते मला दिसत होतं, आणि तरी कळत नव्हतं. समोरून येणारे नेहमी स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात तेवढंच. त्या दिवशी लोक अख्खा हात हलवत होते. दिवे लावून विझवत होते. एकानं तर चालत्या गाडीत टोपी काढली. "आज लोक किती मोकळे आहेत बघ," मी म्हणाले. एक जोडपं आमच्या पुढे गेलं, आणि जाताना त्या बाईंनी काच खाली करून मूठ तोंडाशी धरली, उघडली, मिटली, पुन्हा धरली. गॅरेथ म्हणाला, "तहान लागलीय वाटतं त्यांना." मी पाण्याची बाटली उंच करून दाखवली. त्या कपाळावर हात मारून निघून गेल्या. मग मी त्यांच्या डोक्यावरच्या टोपीचीही चेष्टा केली.

हसून झालं की मला फार वाईट वाटायला लागतं, हे तुला माहीत आहे. तसंच झालं. गॅरेथ म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतेस, मावशीला कुठे कळणार आहे, ती कुणाशी बोलतच नाही." आणि मी भडकले. मावशी, हा भाग मला लिहायचा नव्हता. मी म्हणाले की ती बोलत नाही म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे का? काका गेले त्याला वर्ष होऊन गेलं आणि तिनं रस्त्यावरच्या एकाही माणसाला सांगितलं नाही. पडदे ओढून बसते. दाराची साखळी काढत नाही, मला केकचा डबा फटीतून मावला नाही म्हणून तिचा चेहरा दिसला. ईस्टरला मी अंडी घेऊन दारात उभी होते, घंटा वाजवली, आणि आतून किटलीचा आवाज सुरू झाला. फोन वाजला तरी ती किटली लावते. किटली चालू असली की ऐकू आलं नाही असं स्वतःला सांगता येतं. मी पायरीवर उभी राहून ती किटली उकळेपर्यंत ऐकली आणि परत गेले. आणि आपण दोघं, मी म्हणाले, त्या बाईचं नाव लावून फिरतोय आणि मोजे वाळत घालायला सांगतोय.

मग मी रडले. मग गॅरेथनं गाडी रोडहाऊसवर थांबवली, नाक पुसायला मी रुमाल शोधायला लागले, केकचा डबा उचलला, आणि रेडिओतून एक शांत, जाडा आवाज आला. "ताई, बटण सुटलं बरं का."

गाडीतून उतरायचा धीर व्हायला अर्धा तास लागला, मग आत गेलो. सगळी डोकी दाराकडे वळली. गल्ल्यावरची बाई म्हणाली, "या नोलीन," मग "म्हणजे, नोलीनची भाची, या." पलीकडच्या टेबलावर त्या टोपीवाल्या बाई. टोपी त्यांनी काढून मांडीवर ठेवली होती. भिंतीशी एक दाढीवाला, तो आमच्या मागे तीन डब्यांचा ट्रक घेऊन येत होता. मी त्याची माफी मागितली, म्हटलं, तुम्हाला पुढे जायला विचारताही आलं नसेल. तो म्हणाला, "पुढे जाता आलं असतं ताई. पण मग आवाज तुटला असता. शेवट ऐकायला मिळाला नसता." आणि कॉफीच्या कपात बघत म्हणाला, "मी माझ्या आईला फोन केला आत्ता."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. इथे कूबर पेडीला लोक खरोखरच जमिनीखाली राहतात. पण ते अजून पुढे होतं.

व्हर्न आले तेव्हा त्यांच्या बगलेत काकांची खुर्ची होती. हिरवी, एका बाजूचं कापड शिवलेली. ते दारात उभे राहिले. कुणाला ओळखावं ते त्यांना कळेना, कारण ओळखायला कुणी नव्हतंच. मग गॅरेथ उठून उभा राहिला.

"मी विचारलं जिवंत आहेस का," व्हर्न म्हणाले.

"हो," गॅरेथ म्हणाला. "माफ करा."

"आणि तू म्हणालास कसाबसा."

"तोंडातून गेलं."

व्हर्ननी बगलेतली खुर्ची भिंतीला टेकवली. "गुडघ्याचंही खोटंच?"

"गुडघा माझा खरंच दुखतो."

"कुठला?"

"उजवा."

"क्लेमचा डावा होता," व्हर्न म्हणाले. "मला वाटलं, म्हाताऱ्यानं गुडघा बदलला की काय." आणि हसायला गेले, पण ते हसू मध्येच वेगळं झालं, आणि टोपीवाल्या बाईंनी उठून त्यांना खुर्ची दिली. काकांची नव्हे, रोडहाऊसची. काकांची व्हर्ननी उघडून टेबलाशी मांडली आणि तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही. माझ्याशी ते बराच वेळ बोलले नाहीत. मला ते योग्यच वाटलं. काही बोलले असते तर मला बरं वाटलं असतं, आणि बरं वाटायचा मला हक्क नव्हता.

शेवटी म्हणाले, "तो दार अडवायचा केक कुठाय?"

मी आणून दिला. गल्ल्यावरच्या बाईनं मोठी सुरी आणली. सगळे आले, दाढीवालाही. त्यांनी तुझ्या केकच्या चकत्या चहात बुडवून खाल्ल्या, आणि मान हलवून एकमेकांकडे बघितलं, जणू कोर्टात पुरावा तपासतायत. निकाल तुझ्या बाजूनं लागला. चहात बुडवायचा असतो, हे मला कधी सुचलंच नाही. व्हर्न खात खात म्हणाले, "ती दार उघडत नाही म्हणालीस ना? साखळी लावून फटीतून बघते?" मी मान खाली घातली. "मग मी ही खुर्ची तिच्याकडेच नेतो," ते म्हणाले. "खुर्ची फटीतून मावत नाही."

त्याच दुपारी त्यांनी गाडी दक्षिणेकडे वळवली. गॅरेथनं मला समजावलं, की एका परीनं पाहिलं तर बरंच झालं, आता मावशीला कुणालाच काही सांगावं लागणार नाही, सगळ्यांना कळलंय. मी त्याला गप्प बसवलं. जे वाईट केलं त्यातून काही चांगलं निघालं तर ते आपल्या खात्यावर मांडायचं नसतं. त्यानं तेव्हापासून माईकला हात लावलेला नाही. घसा सर्दीनं बसलाय असं तो म्हणतो. इथल्या मुक्कामावर संध्याकाळी पाचला सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन गोलात बसतात, तिथे आम्हाला जायचं धाडस नव्हतं. काल दोघांनी येऊन आमच्या खुर्च्याच उचलून नेल्या, तेव्हा मागोमाग जावं लागलं. कुणी काही विचारलं नाही. फक्त एका बाईंनी तुझं लिंबाचं झाड कसं आहे ते विचारलं. म्हणजे मी झाडाबद्दलही बोलले असणार.

मावशी, मला माफ कर असं लिहिणार होते. दोनदा लिहून खोडलं, कारण तसं लिहिलं की उत्तर द्यायचं ओझं तुझ्यावर पडतं. नावं मी उद्या खरवडते. तुझा शब्द तेवढा तरी पाळते.

तुझी,
मेरिडिथ

ता. क. केकबद्दल. व्हर्ननी सांगितलं की काका तुझ्या केकातले मनुके वेचून हळूच कावळ्यांना टाकायचे, आणि हे नोलीनला सांगू नकोस असंही म्हणाले. पण यापुढे तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं मी ठरवलंय. कावळे खायचे म्हणे. आणखी एक केक मिळेल का, असं गॅरेथ विचारतोय. दार अडवायला नाही.

आणखी ता. क. जे मागायला हे पत्र लिहायला घेतलं ते वर राहूनच गेलं. व्हर्न येतील. घंटा वाजवतील, मग बहुतेक अंगणात उभी असलेली तुझी गाडी दिसली की तिचे टायर तपासत बसतील. ते जाणार नाहीत, ते चिवट आहेत. तेव्हा किटली लावू नकोस. म्हणजे लाव, पण दार उघडल्यावर. चहा त्यांना बिनसाखरेचा लागतो, दातांमुळे.

शेवटचं ता. क., सोमवारी लिहितेय. आज पट्टी घेऊन मी व्हॅनच्या मागे गेले होते. गॅरेथचं भाकीत अखेर खरं झालं, मागची बाजू लालभडक आणि नावं कुठे दिसेचनात. ती नाहीतच असं क्षणभर वाटलं, आणि तेच तुला हवं होतं. मग मी पट्टी खिशात ठेवली. वर 'उद्या खरवडते' लिहिलंय ते चुकीचं आहे, पण पान बदलत नाही. महिन्याभरात आम्ही परत येऊ. गाडी तुझ्या दारात लावीन. तू बाहेर ये, मागे जा, नीट बघ, आणि मग तुझ्या तोंडानं सांग, ठेवू की काढू. सांगशील तसं करीन, तुझ्यासमोर करीन. तोवर नाही.

उद्याचं काम : व्हॅनच्या मागची धूळ पुसणे.